तणाचं खत : इंदूरपासून पुसदपर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन केले. एका जुन्या विद्यार्थ्याने तर सरळच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवता शिकवता तुम्ही उकिरड्याकडे कसे वळलात?" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही कृषी महाविद्यालयात शिकवलेलं नाही आणि स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पण एखादी वस्तू काय आहे, आणि आपण तिला काय म्हणतो, या दोन गोष्टींमध्ये फट कुठे पडते, हे आम्ही चाळीस वर्षं वर्गात विचारत आलो. त्याला 'तण' या शब्दासारखं उदाहरण नाही. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात 'तण' नावाचं कुळ सापडत नाही. गव्हात उगवलेली मोहरी त्या शेतापुरती तण ठरते आणि शेजारच्या शेतात तीच पीक असते. म्हणजे तण हे त्या झाडाचं नाव नसून त्याच्या आणि आपल्या भांडणाचं नाव आहे.

आमची आजी सातारा जिल्ह्यातली. खुरपं हातात घेतलं की तिच्या तोंडी एक म्हण असायची : तण खाई धन. तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. पिकाच्या वाट्याचं पाणी, ऊन आणि जमिनीतला कस तण खाऊन टाकतं, असा तिचा सरळ अर्थ. पण लहानपणी आम्ही पाहिलेलं दृश्य या म्हणीच्या पुढचं होतं. आजी उपटलेलं तण फेकून देत नसे. कोवळं असेल तर म्हशीपुढे जायचं, निबर असेल तर उकिरड्यावर. आणि वैशाखात तोच उकिरडा गाडीत भरून रानात पसरला जायचा. तणाने खाल्लेलं धन ती परत वसूल करत होती. म्हण अर्धीच गोष्ट सांगते, उरलेली अर्धी तिच्या पाटीत होती. आज बोलायचं आहे ते या उरलेल्या अर्ध्याच्या इतिहासाबद्दल.

सुरुवात मात्र सातारहून नको, इथूनच करू. आपण शिवाजी पार्कात बसलो आहोत. समोरचं मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये ते बदललं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९२४ साली, इथून चालत जाता येईल अशा अंतरावर, माटुंग्याला, कापसाची एक प्रयोगशाळा सुरू झाली. आजही ती आहे, सिरकॉट या नावाने. ती कुणी काढली? इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने. पैसे कुठले? परळ-लालबागच्या गिरण्यांत जाणाऱ्या आणि बंदरातून परदेशी जाणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १९२३ च्या कायद्याने काही आण्यांचा सेस बसवला होता, त्यातले. आणि याच कमिटीने, याच सेसमधून, त्याच १९२४ साली आणखी एका संस्थेला पैसे दिले. ती होती इंदूरची 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली.

तिथे काम व्हायचं होतं कापसाच्या वाणांवर. जगभर नाव झालं ते खताच्या खड्ड्याचं. गिरणगावात सूत काततं कोण आणि त्यातून इंदुरात काय उगवतं! असो.

पण इंदूरला जाण्याआधी थोडं मागे जायला हवं, नाहीतर असं वाटेल की आपल्याकडे कुणाला काही माहीत नव्हतं आणि एक साहेब येऊन शिकवून गेला.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. ते पुस्तक आपण शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचं पुस्तक म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण त्यात मातीचंही शास्त्र आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, कुजलेले जीवजंतू यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येतो, तो शेतातच मुरावा म्हणून सरकारने आपल्या पलटणींतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. कस वाहून जातो आणि त्याला अडवून परत आणावं लागतं, हा विचार तिथे स्पष्ट आहे. कोकणात तर भातशेतीचा अर्धा संसार राबावर चालायचा. झाडांचे टहाळ, शेण, गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाआधी जाळायचं, त्या राखेत रोप तरारून यायचं. जंगलखात्याने टहाळ तोडायला बंदी घातली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी कमिशन नेमावं लागलं. राबात सेंद्रिय भाग जळून जातो हे खरं. पण शेतात बाहेरून काहीतरी घालावं लागतं, आणि ते कुठून आणायचं यावर माणसं भांडतात, हे त्या वादातून दिसतं.

पुढे डॉ. व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आले, देशभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा भारतीय शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की इथला शेतकरी अडाणी नाही. त्याची खरी अडचण अशी की सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातं. शेणाची गोवरी झाली की शेताला काय उरलं? पालापाचोळा, धसकटं, आणि तण.

आता इंदूर.

अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ साली बिहारमध्ये पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तितक्याच तोलाच्या शास्त्रज्ञ होत्या. इंदूरची संस्था सुरू झाली तेव्हा हॉवर्ड तिचे संचालक झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न व्होल्करचाच होता : शेण थोडं, जमीन फार. मग शेणाचा उपयोग खत म्हणून करण्याऐवजी विरजण म्हणून केला तर? थोडं शेण, थोडी गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी लाकडाची राख, आणि बाकी सगळा शेतातला काडीकचरा. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट आणि शेतातलं व बांधावरचं तण. पऱ्हाट्या फार टणक, त्या कुजायला वर्षं लागतात. म्हणून त्या शेतातल्या गाडीरस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या की गोठ्यात जनावरांखाली अंथरायच्या आणि मग खड्ड्यात. यंत्र नाही, खर्च नाही. ही युक्ती आम्हाला फार आवडते.

खड्डा साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोनच फूट खोल. खोल का नाही? हवा खेळायला हवी म्हणून. कुजवण्याचं काम करणारे सूक्ष्मजीव हे या गोष्टीतले खरे मजूर. त्यांना चार गोष्टी लागतात : कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. वाळक्या काड्यांत कर्ब भरपूर असतो, नत्र फार कमी. हिरव्या तणात आणि शेणात नत्र जास्त. खड्डा भरताना कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असावं आणि खत तयार होईतो ते १० ला १ वर येतं, असं इंदूरला मोजून काढलं. ढीग काही दिवसांत इतका तापतो की हात घालवत नाही, पारा ६५ अंशांच्या घरात जातो. ही उष्णता तणाच्या बिया मारते. पण ढिगाच्या मध्यभागीच. कडेला ढीग थंड असतो. म्हणून तो तीनदा उलथायचा, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. तीन महिन्यांत खत तयार. आपल्याकडे म्हणतात, उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते. इंदूरवाल्यांनी ती तीन महिन्यांवर आणली.

हे सगळं १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपाने काढलं. शेतातल्या टाकाऊ पदार्थांचं ह्यूमसमध्ये रूपांतर कसं करावं, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. मुखपृष्ठावर नावं दोन आहेत. पहिलं अल्बर्ट हॉवर्ड. दुसरं यशवंत डी. वाड, संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक.

इथे आम्ही जरा थांबणार आहोत. सेंद्रिय शेतीवरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, हॉवर्ड यांना तिथे जनकाचा मान असतो. तो त्यांना मिळायला हरकत नाही. पण त्यांच्या १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'चा जो बोलबाला झाला, त्यात १९३१ चं पुस्तक मागे पडलं आणि त्याच्याबरोबर दुसरं नावही. 'इंदूर पद्धत' म्हटलं की लोक 'हॉवर्ड' म्हणतात, क्वचित 'हॉवर्ड आणि सहकारी'. आता ही पद्धत नेमकी कशावर उभी आहे? कर्ब-नत्राच्या प्रमाणावर, ढिगातल्या ओलाव्यावर, राखेने आम्लता किती उतरते यावर. म्हणजे रसायनशास्त्रावर. हॉवर्ड होते वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायन विभाग वाडांचा होता. कुठलं वाक्य कुणी लिहिलं हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण सहलेखक हा शब्द मुखपृष्ठावर छापलेला असताना वाचताना गळतो, हे कसं? मराठी माणूस म्हणून तक्रार करतोय असं वाटेल कुणाला. तर तसं नाही. गॅब्रिएल हॉवर्ड यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच झालं. १९३० साली त्या गेल्या आणि पुढे सगळं श्रेय एकाच आडनावाच्या एकाच माणसापाशी जमा होत गेलं. ज्या शास्त्राचा सगळा भर 'जे घेतलं ते परत करा' यावर आहे, त्याच्याच इतिहासात एवढी उधारी राहावी!

हॉवर्ड १९३१ साली भारत सोडून गेले. संस्था चालू राहिली. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी हे खताचं काम पाहिलं. ते लक्षात ठेवा, कारण त्याचा धागा पुढे विदर्भात निघतो.

आता एक मोठा वळसा घेऊ, बंगालकडे. कारण ज्याला आपण आज 'बाहेरून आलेलं, आक्रमक तण' म्हणतो, त्याच्यापासून खत करण्याची पहिली मोठी चर्चा तिथे झाली.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि दोन-तीन दशकांत तिथल्या नद्या, बिल, भातखाचरं तिने भरून टाकली. होड्या अडल्या, भात बुडालं. पहिलं महायुद्ध चालू होतं म्हणून लोक तिला 'जर्मनी पाना' म्हणू लागले. शत्रूचं नाव तणाला द्यायचं ही रीत जुनी आहे, पुढे आपल्याकडेही ती दिसेल. पण युद्धाचा दुसरा परिणाम असा झाला की जर्मनीतून येणारं पोटॅश बंद पडलं. आणि जलपर्णीच्या राखेत पोटॅश भरपूर. १९१७ साली बंगालच्या शेतीखात्यातल्या फिनलो आणि मॅक्लीन यांनी तिच्या खतमूल्यावर पुस्तिकाच काढली. व्यापारी राख विकत घ्यायला पुढे आले.

पुढे १९२१ मध्ये सरकारने जलपर्णीवर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. त्या काळच्या चर्चेत जो पेच उभा राहिला तो आम्हाला आजही सुटलेला दिसत नाही. तो असा : जलपर्णी उपटायची तर मजुरी लागते, ती कोण देणार? खत म्हणून तिला किंमत आली तर लोक आपणहून उपटतील. बरोबर. पण तिला किंमत आली तर ती नाहीशी व्हावी असं कुणाला वाटेल? मालकाच्या तळ्यात पीक म्हणून ती राखली जाईल, आणि पहिल्या पावसात शेजाऱ्याच्या भातात उतरेल. एक बाजू म्हणे वापरा, दुसरी म्हणे नष्ट करा. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, म्हणून हा वाद सोपा नव्हता. शेवटी १९३६ च्या बंगाल जलपर्णी कायद्याने नष्ट करण्याची बाजू घेतली, आपल्या जागेत ती ठेवणं बेकायदा ठरवलं. हॉवर्ड मात्र बंगालची जलपर्णी कंपोस्टमध्ये घालावी, असंच सांगत राहिले.

आमचं मत विचाराल तर, वापर हे निर्मूलनाचं साधन असेल तोवर ठीक. ज्या दिवशी कारखाना निघेल आणि कच्चा माल म्हणून वर्षाला अमुक टन जलपर्णी लागेल, त्या दिवशी सावध व्हावं.

आता आपल्या घरचं तण. गाजरगवत.

साधारण १९७० च्या सुमारास आम्ही पुण्यात एम.ए. करत होतो. कालव्याच्या कडेने फिरायला जायचो. तिथे गुडघाभर, कंबरभर वाढलेलं, गाजरासारख्या पानांचं, पांढऱ्या बारीक फुलांचं रान असायचं. दिसायला गोजिरवाणं, 'चटक चांदणी' हे त्याचं एक मराठी नाव काही उगाच पडलेलं नाही. दुसरं नाव काँग्रेस गवत. कुणी म्हणे पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून, कुणी म्हणे काँग्रेस सरकारने अमेरिकेतून मागवलेल्या पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आलं म्हणून. ही दुसरी कथा आम्ही स्वतः कितीतरी वर्षं वर्गात सांगत होतो, त्यामुळे आज तिची दुरुस्ती करणं आमचं कर्तव्य आहे.

तारखा पाहा. पुण्यात हे गवत नोंदलं गेलं १९५५ साली. बोटॅनिकल सर्व्हेचे आर. एस. राव यांनी 'भारतातली नवी नोंद' म्हणून त्यावरचा लेख १९५६ साली आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, पण त्याखालचा भारताबरोबरचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे गवत आधी आणि करार नंतर. शिवाय देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात ब्रँडिस यांनी गोळा केलेला १८८० चा नमुना आहे. मग धान्यातून आलंच नाही का? तसंही छातीठोक म्हणता येत नाही. १९५१ मध्येही अमेरिकेकडून कर्जाऊ गहू आलेला होता, आणि पुढच्या जहाजांतून आणखी बी आलं असणं अगदी शक्य आहे. एवढंच म्हणता येतं की ज्या कराराला आपण आरोपी केलं तो गुन्ह्याच्या वेळी हजर नव्हता. १९६८ पर्यंत डॉ. वर्तक यांच्यासारखे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ ते पिकांना आणि कुरणांना धोका आहे असा इशारा देत होते. त्यानंतर ते देशभर गेलं.

या गवताचं वैशिष्ट्य असं की जनावर त्याला तोंड लावत नाही. म्हणजे आजीचा पहिला उपाय, म्हशीपुढे टाकणं, इथे बाद. उरला उकिरडा. पण एका झाडाला १५ ते २५ हजार बिया. फुलावर आलेलं गवत उकिरड्यात टाकलं आणि तो नीट तापला नाही, तर पुढच्या वर्षी खताबरोबर तुम्ही तण पेरता. शेतकरी गाजरगवताचं खत करायला बिचकतो तो यामुळे, आणि त्याचं बिचकणं बरोबर आहे. जबलपूरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची तण संशोधनाची संस्था आहे. तिने १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल खड्ड्यात गाजरगवत मातीने लिंपून चार-पाच महिने कुजवण्याची पद्धत शेतकऱ्यांसाठी बसवली. फुलं येण्याआधी उपटा, हा तिचाही पहिला नियम.

आणि आता तो विदर्भातला धागा. पुसद, यवतमाळ जिल्हा. नारायण देवताव पांढरीपांडे, गांधीविचाराचे कार्यकर्ते, लोक त्यांना नाडेप काका म्हणत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप पद्धत. जमिनीत खड्डा खणण्याऐवजी जमिनीवर विटांचं टाकं बांधायचं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि भिंतीत जाळीसारखी भोकं सोडायची. आत १४०० ते १५०० किलो पालापाचोळा, काडीकचरा, तण. शेण फक्त ९० ते १०० किलो. चाळलेली कोरडी माती सुमारे १७५० किलो. पाणी दीड-दोन हजार लिटर. थर देत भरायचं, वरून शेणमातीने लिंपायचं, तडे गेले की बुजवायचे. तीन-चार महिन्यांत खत.

इंदूरशी तुलना करा. तिथे ढीग तीनदा उलथायला माणसं लागायची. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे तेवढी मजुरी कुठून येणार? म्हणून उलथणं बंद, भोकांतून हवा आपली आपण येते. शेण आणखी कमी, कारण जनावरंही कमी झालेली. परिस्थिती जशी बदलली तशी पद्धत बदलली. पुढे रोजगार हमीच्या कामांतही नाडेप टाकी बांधली जाऊ लागली.

पण कौतुकाच्या भरात हिशेब विसरू नये. तीन टन खत निघालं असं म्हणतात तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त मातीच असते, ती तुम्हीच घातलेली. ती माती उपयोगाची आहे, ओल आणि नत्र धरून ठेवते. तरी तीन टनांना तीन टन शेणखत समजू नये. दुसरं, टाकं उलथत नसल्याने त्याची कडा थंड राहते. त्यामुळे बी धरलेलं गाजरगवत नाडेपमध्ये घालणं धोक्याचं, हे या रचनेवरूनच कळतं.

आता थोडी आमची फजिती. निवृत्तीनंतर आम्ही तिघा-चौघांनी आमच्या सोसायटीत खत करायचं ठरवलं. एकाच्या ओळखीने तलावातून काढलेली जलपर्णी चार पोती मिळाली. आम्ही उत्साहाने ती तशीच ओली प्लास्टिकच्या पिंपात भरली आणि झाकण लावलं. आठ दिवसांत असा वास सुटला की तळमजल्यावरच्या मावशी आमच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. चूक उघड होती. जलपर्णीत ९० ते ९५ टक्के पाणी असतं. पाणी ठासून भरल्यावर हवेला जागा उरत नाही, आणि हवा नसली की कुजणं थांबून सडणं सुरू होतं. आधी चार-पाच दिवस उन्हात सुकवायची, मग तिच्या जोडीला सुका पाला नाहीतर लाकडाचा भुसा घालायचा, हे वाडांच्या पुस्तकात ९० वर्षांपूर्वी तत्त्व म्हणून सांगितलेलं होतं. आम्ही ते वाचलंही होतं. वाचणं आणि पिंप भरणं यात फरक असतो.

त्या फजितीतून एक गणित मात्र कळलं. दहा टनांचा ट्रक जलपर्णी भरून नेला तर त्यात सुका माल अर्धा ते एक टन, बाकी पाणी. डिझेल पाण्याच्या वाहतुकीवर जातं. पवईच्या तलावातून, पुण्याच्या मुळा-मुठेतून, पवनेतून, कोल्हापूरच्या पंचगंगेतून दरवर्षी जलपर्णी काढली जाते. ती काठावरच सुकवून, काठावरच कुजवून, जवळच्या शेतात गेली तर हिशेब जमतो. दूर नेली तर नाही.

ती एवढी वाढते कशावर, हाही प्रश्न आहे. शहरांच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद, शेतांतून वाहून आलेलं युरिया. फुल्यांनी ज्या कसाबद्दल लिहिलं तोच नदीत येऊन हिरवा झालेला असतो. आपण भाजी, धान्य, दूध गावाकडून आणतो, त्यातलं सगळं गटारातून खाडीत सोडतो, आणि त्यातलं थोडं जलपर्णी वाटेत पकडते. पोटॅश तर आपण अजूनही जवळजवळ सगळं परदेशातून आणतो, १९१७ मध्ये ज्याची टंचाई पडली होती तेच.

पण इथेच एक मोठा 'पण' आहे. जलपर्णी पाण्यातून नत्र उचलते तशीच शिसं, कॅडमियम, क्रोमियमही उचलते, मुख्यतः मुळांत साठवते. तिच्या या गुणामुळे सांडपाणी शुद्ध करायला तिचा वापर करतात. मग कारखान्यांच्या पाण्यावर वाढलेल्या जलपर्णीचं खत पालेभाजीला घालायचं का? आमचं उत्तर, तपासणीशिवाय नाही. कुजवल्याने पदार्थाचं वजन घटतं, धातू घटत नाहीत. उलट किलोमागे त्यांचं प्रमाण वाढतं. 'निसर्गाकडून निसर्गाकडे' अशी घोषणा छान वाटते, पण क्रोमियम आपण निसर्गाला दिलं ते कारखान्याच्या नळीतून. ज्या तळ्यात फक्त शेतातलं पाणी येतं त्याची जलपर्णी वेगळी आणि औद्योगिक वसाहतीखालच्या नदीची वेगळी, हा विवेक ठेवावा लागेल.

वेळ होत आली आहे, तेव्हा शेवटचा मुद्दा. तणनाशक फवारणं स्वस्त पडतं, असं शेतकरी सांगतात, आणि मजुरीचे दर पाहता ते खोटं नाही. फवारलेलं तण जागेवरच वाळतं, खड्ड्यापर्यंत येत नाही. खत करायचं तर ते कुणीतरी हाताने उपटायला हवं. हे कुणीतरी बहुतेक वेळा बाई असते. निंदणी, खुरपणी ही बायकांची कामं, आणि त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी. गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दमा होतो, आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे झाडाजवळून गेलं तरी त्रास होतो. आम्ही या विषयावरच्या बऱ्याच पुस्तिका चाळल्या. खड्ड्याच्या विटा, शेणाची पाटी, पाण्याचे लिटर, खताला येणारा भाव, सगळ्याचा हिशेब त्यांत मांडलेला असतो. हातमोजे घाला, अशी सूचनाही असते. पण हातमोज्यांचा खर्च हिशेबाच्या तक्त्यात आम्हाला कुठे दिसला नाही. इथे कुणी शेतकरी गटांबरोबर काम करणारे बसले असतील तर त्यांनी सांगावं, तो खर्च प्रत्यक्षात कोण करतं.

हं, मागच्या रांगेत हात वर आहे. बोला ताई.